माळशिरस तालुक्यातील बालके : सुस्थिती मोजायची कशी?

मोजमाप ही माळशिरस तालुक्याला नवी गोष्ट नाही. ऊस कारखान्याच्या वजनकाट्यावर तोलला जातो आणि साखरेचा उतारा दशांश चिन्हापर्यंत सांगितला जातो. संकलन केंद्रात दुधाचे फॅट तपासल्याशिवाय दर ठरत नाही. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याची पाळी कोणाला किती दिवस मिळाली, हे तर गावोगावच्या चर्चेचे विषय असतात. १९३०च्या दशकात सासवड परिसरातील माळी बागायतदारांनी माळीनगर येथे साखर कारखाना उभारला. पुढे शंकरराव मोहिते-पाटील यांच्या नेतृत्वाखाली अकलूज परिसरात सहकाराची चळवळ रुजली. तेव्हापासून या तालुक्याची प्रगती टनांत, लिटरांत आणि रुपयांत मोजली गेली आहे.

मात्र याच तालुक्यातील बालके आणि युवक-युवती कसे आहेत, असा प्रश्न केला, तर आपल्यापाशी कोणता आकडा आहे? ती पोटभर जेवतात काय? वयानुसार वाढतात काय? शाळेत केवळ जातात, की तेथे काही शिकतातही? ती सुरक्षित आहेत काय, आणि मुख्य म्हणजे ती आनंदी आहेत काय? या प्रश्नांची उत्तरे शोधण्याची शास्त्रीय रीत कोणती, तिच्या मर्यादा कोणत्या आणि सामान्य श्रद्धावंतांचा तिच्याशी काय संबंध, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सुस्थिती म्हणजे केवळ सुबत्ता नव्हे

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांचा करार संमत केला. पवित्र धर्मपीठाने १९९० साली, अगदी सुरुवातीच्या काळातच त्यास मान्यता दिली, तर भारत डिसेंबर १९९२ मध्ये त्यात सहभागी झाला. जगणे, वाढणे, संरक्षण मिळणे आणि आपले मत मांडणे हे बालकाचे हक्क आहेत, ते कोणाचे उपकार नव्हेत, हा त्या कराराचा गाभा आहे. हक्क मान्य केला की तो प्रत्यक्षात किती मिळतो, हे पाहण्याची जबाबदारीही ओघाने येते. बालकांची सुस्थिती मोजण्याच्या आधुनिक प्रयत्नांना यातूनच बळ मिळाले.

या संदर्भात युनिसेफने २००७ साली प्रसिद्ध केलेला अहवाल महत्त्वाचा ठरला. त्यात २१ संपन्न देशांतील बालकांची स्थिती सहा अंगांनी तपासण्यात आली होती : भौतिक परिस्थिती, आरोग्य व सुरक्षितता, शिक्षण, कुटुंबीय व सवंगड्यांशी असलेले नाते, वर्तन व धोके, आणि मुलांना स्वतःला आपले जीवन कसे वाटते याचे त्यांनीच दिलेले उत्तर. एकूण क्रमवारीत नेदरलँड्स पहिला आला. ब्रिटन सर्वांत शेवटी आणि अमेरिका त्याच्या लगेच वर होती. तुलनेने कमी श्रीमंत असलेला चेक प्रजासत्ताक मात्र फ्रान्ससारख्या काही धनाढ्य देशांच्या पुढे होता.

देशाची तिजोरी भरलेली असली म्हणजे त्यातील बालके सुखी असतातच असे नाही, हा या अहवालाचा बोध होता. साखरपट्ट्यातील वाचकांना तो सहज पटावा. ज्या गावातून हजारो टन ऊस कारखान्याला जातो, त्याच गावात एखादे बालक वयाच्या मानाने बुटके राहू शकते, आणि ज्या घरासमोर ट्रॅक्टर उभा आहे, त्याच घरातील मुलीचे लग्न दहावीनंतर लगेच उरकले जाऊ शकते.

पहिली पायरी : वजन, उंची आणि दंडाचा घेर

लहान बालकांच्या बाबतीत मोजमापाची सुरुवात शरीरापासून होते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि कालांतराने गावोगावी अंगणवाडी उभी राहिली. अंगणवाडी सेविका बालकाचे वजन घेऊन वाढीच्या तक्त्यावर नोंदवितात. हा तक्ता वाचण्यास कठीण नाही. त्यावरील रेषा वयानुसार अपेक्षित वजन दाखवितात. उदाहरणार्थ, एक वर्षाच्या मुलीचे मध्यम वजन सुमारे ८.९ किलो असते. ते ७ किलोच्या खाली असेल, तर ती ‘कमी वजनाची’ मानली जाते.

वजन घटले, एवढ्याने मात्र कारण कळत नाही. म्हणून तीन वेगवेगळ्या गोष्टी पाहाव्या लागतात. वयाच्या मानाने उंची कमी असेल, तर त्यास खुरटणे म्हणतात. दीर्घकाळ अपुरा आहार, वारंवार होणारे आजार, आईचे अशक्तपण यांची ती खूण असते. उंचीच्या मानाने वजन कमी असेल, तर ते बालक कृश असते. अलीकडच्या उपासमारीची किंवा आजाराची ती खूण असून त्यात जिवाला तातडीचा धोका असतो. वयाच्या मानाने वजन कमी असणे हे या दोहोंचे मिश्र चित्र होय. याखेरीज सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर साध्या पट्टीने मोजला जातो. तो ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर बालक तीव्र कुपोषित समजून त्वरित उपचार करावे लागतात.

“आमच्याकडची मुले मुळातच लहान चणीची असतात,” असा एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली जाहीर केलेली वाढीची प्रमाणके ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील बालकांच्या अभ्यासावर आधारलेली आहेत. योग्य आहार, स्तनपान आणि आरोग्यसेवा मिळाल्यास पहिल्या पाच वर्षांत या सर्व देशांतील बालके जवळजवळ सारखीच वाढतात, असे त्यातून दिसून आले. तेव्हा खुरटलेपण हे आपल्या रक्तात नसून बालकाच्या परिस्थितीत आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालके खुरटलेली, २६ टक्के कृश आणि ३६ टक्के कमी वजनाची होती. आधीच्या फेरीतील (२०१५–१६) आकडेही जवळजवळ हेच होते. त्याच पाचव्या फेरीत राज्यातील १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींपैकी सुमारे ५७ जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन अपुरे आढळले. आजची अशक्त मुलगी ही उद्याची अशक्त माता असते आणि तिचे बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा संभव अधिक असतो. हे चक्र तोडावयाचे, तर अंगणवाडीतील बालकाइतकेच महाविद्यालयाच्या वयातील मुलीकडेही लक्ष द्यावयास हवे.

पटावरील नाव आणि प्रत्यक्ष शिक्षण

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि ६ ते १४ वयाच्या प्रत्येक बालकाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला. शाळेच्या पटावर आज बहुतेक मुलांची नावे आहेत. मात्र पटावर नाव असणे, वर्गात हजर असणे आणि शिकणे या तीन वेगळ्या गोष्टी होत.

‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारे ‘असर’ सर्वेक्षण हा फरक साध्या रीतीने दाखविते. प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यात ३० गावे व प्रत्येक गावात २० घरे निवडली जातात. स्वयंसेवक शाळेत न जाता घरी जातात, कारण शाळेत न येणारे मूल शाळेत भेटणार नाही. मुलाला अक्षरे, शब्द, लहान परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचावयास दिली जाते. तसेच अंकओळख, वजाबाकी व भागाकार तपासला जातो. मूल पाचवीत असूनही दुसरीची गोष्ट वाचू शकत नसेल, तर प्रगतिपुस्तकात काहीही लिहिलेले असो, त्याच्या पुढील शिक्षणाचा पाया कच्चा आहे हे उघड होते.

सरासरी काय दाखविते आणि काय लपविते

येथवर सांगितलेली सर्वेक्षणे राज्याचे, फार तर जिल्ह्याचे चित्र देतात. सोलापूर जिल्हा विस्ताराने मोठा आहे. विणकरांचे सोलापूर शहर, सीमेलगतचे अक्कलकोट, अवर्षणग्रस्त सांगोला आणि बागायती अकलूज यांची सरासरी काढली, तर ती यांपैकी एकाही ठिकाणाचे खरे वर्णन करीत नाही.

तालुक्याच्या आतही तेच आहे. नीरा नदी व कालव्याच्या लाभक्षेत्रातील गावे हिरवीगार आहेत, तर माण आणि सांगोला तालुक्यांच्या बाजूचा पिलीव परिसर पावसाची वाट पाहणारा आहे. मेंढपाळ कुटुंबे चाऱ्यासाठी वर्षातील काही महिने घराबाहेर असतात. ‘माळशिरस तालुक्यातील बालक’ असे एकच एक बालक नाही. म्हणून स्थानिक मोजमाप करताना गाव, वस्ती, मुलगा-मुलगी आणि वय यांनुसार आकडे वेगळे पाहावे लागतात.

त्यासाठी प्रत्येक वेळी नवे सर्वेक्षण हवे असे नाही. अंगणवाडीतील वजनाच्या नोंदी, २०२१ पासून मोबाइलवर भरल्या जाणाऱ्या ‘पोषण ट्रॅकर’मधील माहिती, शाळेचा हजेरीपट, प्राथमिक आरोग्य केंद्रातील लसीकरणाच्या व प्रसूतीच्या नोंदी, ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यू नोंदवही ही सामग्री गावातच असते. मात्र ती वेगवेगळ्या कपाटांत असते. सातवीनंतर शाळा सुटलेली मुलगी, तिचे पुढील वर्षी झालेले लग्न आणि त्यानंतर जन्मलेले कमी वजनाचे बाळ या तीन नोंदी तीन खात्यांत राहतात. त्या एकत्र वाचल्या, तर ते एकाच जीवनाचे चरित्र असल्याचे ध्यानी येते.

जे मोजलेच जात नाहीत

सर्वांत मोठा प्रश्न मात्र आकडेवारीच्या काठावर उभा आहे. टक्केवारी काढताना आपण किती बालकांपैकी काढतो, यावर सारे अवलंबून असते.

समजा, एका अंगणवाडीत ३६ बालकांचे वजन घेतले आणि त्यांपैकी ३ कमी वजनाची आढळली. प्रमाण झाले ८ टक्के. अहवाल समाधानकारक दिसतो. आता त्याच गावच्या शिवारात ऊसतोड टोळीच्या कोपी पडल्या आहेत. तेथील २० बालकांचेही वजन घेतले आणि त्यांपैकी ९ कमी वजनाची निघाली, असे धरू. मग ५६ पैकी १२, म्हणजे २१ टक्के. गाव तेच, अंगणवाडी तीच. बदलले ते एवढेच की, आपण कोणाला आपले मानले.

हे उदाहरण कल्पित असले, तरी त्यामागील परिस्थिती खरी आहे. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना आदी जिल्ह्यांतील कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन साखरपट्ट्यात येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ गणला जातो. मुलांची गणना त्यात नाही, तरी ती सोबत असतात. पहाटे फड सुरू होतो. मोठी बहीण धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी आणते, वाढे गोळा करते. गावाकडच्या शाळेच्या पटावर तिचे नाव असते, पण ती तेथे नसते. ती येथे असते, पण येथील पटावर तिचे नाव नसते. मार्च-एप्रिलमध्ये कुटुंब परत जाते, तेव्हा शाळेचे अर्धे वर्ष संपलेले असते.

या मुलांसाठी काहीच झाले नाही असे नव्हे. २०००च्या दशकात स्वयंसेवी संस्थांनी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालविल्या. शिक्षण हक्क कायद्यानंतर मुलांना जवळच्या नियमित शाळेत सामावून घेण्यावर भर आला. मुलांना गावीच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत नेता येणारे शिक्षण हमी पत्रक आणि २०२१ मध्ये मंजूर झालेली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना ही याच दिशेची पावले होत. परंतु शिवारात कोपी पडल्याबरोबर त्यातील मुले मोजली गेली नाहीत, तर कोणतीही योजना त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचत नाही.

न मोजल्या जाणाऱ्यांचा दुसरा गट याहून मूक आहे. २००१च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर १,००० मुलांमागे ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८९४ झाल्या. सोलापूर जिल्ह्याचे प्रमाण तर राज्याच्या सरासरीहूनही खाली होते. गर्भलिंग तपासणीविरुद्ध १९८८ मध्ये देशात पहिला कायदा करणाऱ्या राज्यात हे घडले. ज्या मुलींना जन्मच नाकारला गेला, त्या कुपोषणाच्या वा शाळागळतीच्या कोणत्याही तक्त्यात येत नाहीत. २०११नंतर जनगणना झालेली नाही. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरविण्यात आली आहे. त्या आकड्यांसाठी थांबण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीतून दरवर्षी किती मुलगे व किती मुली जन्मल्या, हे कोणालाही पाहता येते. एका गावातील जन्म थोडे असल्याने एका वर्षाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. पाच वर्षांचे व आसपासच्या गावांचे आकडे एकत्र केल्यास कल स्पष्ट होतो.

तिसरा गट बालवधूंचा. पाचव्या फेरीतील सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झाले होते. सोलापूर जिल्ह्यात हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. हा आकडा वाचताना एक काळजी घ्यावी : तो सर्वेक्षणाच्या वर्षात झालेल्या लग्नांचा नसून त्यापूर्वीच्या काही वर्षांतील लग्नांचा आहे. तथापि त्याने त्याचे गांभीर्य कमी होत नाही. मुलगी शाळेतून गेली की तिचे नाव पटावरून कमी होते, आणि उरलेल्या मुलींची हजेरी मात्र उत्तम दिसते!

मुलांना विचारले काय?

सुस्थितीचे एक अंग असे आहे की, ते काट्यावर तोलता येत नाही. ते केवळ विचारून कळते. जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होते काय, शांत वाटले काय, उत्साह होता काय, झोपेतून ताजेतवाने होऊन उठलात काय आणि रोजच्या जीवनात रस वाटला काय, अशा आशयाचे ते प्रश्न आहेत. प्रत्येक उत्तराला शून्य ते पाच गुण. बेरजेला चारने गुणले की शंभरपैकी गुण मिळतात. ते पन्नासच्या खाली असल्यास त्या युवकाशी अधिक बोलण्याची गरज आहे, असे समजावे. हे रोगाचे निदान नव्हे, ही केवळ दारावरची थाप आहे.

बारावीच्या परीक्षेचे ओझे, शेतीवरील कर्ज, नोकरीची अनिश्चितता, घरातील व्यसन यांखाली दबलेले तरुण मन घरात बोलतेच असे नाही. त्याला कोणी विचारले, हीच कित्येकदा पहिली मदत ठरते.

मोजताना पाळावयाची पथ्ये

लहान गावात आकडा आणि चेहरा यांत फारसे अंतर नसते. ‘वस्तीत एक तीव्र कुपोषित बालक आहे’ असे फलकावर लिहिले, तर ते कोणाचे हे सर्वांना कळते. म्हणून नावे गुप्त राखणे, पालकांची व मुलाची संमती घेणे, आणि मातेला दोष न देणे ही पथ्ये कटाक्षाने पाळावीत. आकडे सुधारले नाहीत म्हणून सेविकेला वा शिक्षकाला धारेवर धरले, तर पुढील वेळी आकडे सुधारतील, मुले मात्र तशीच राहतील. तसेच एखाद्या मुलाने अत्याचाराची वाच्यता केली, तर ती नोंदवहीतील नोंद म्हणून ठेवता येत नाही. १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर अथवा पोलिसांकडे ती त्वरित पोहोचविणे हे कर्तव्य आहे.

मोजमापाच्या मागोमाग कृती नसेल, तर मोजूच नये. ज्या बालकाचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, त्याला त्याच दिवशी आरोग्य केंद्राची वाट दाखविता आली पाहिजे.

आपला वाटा

हे सारे शासनाचे काम आहे, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. धर्मग्रामातील लहान ख्रिस्ती समूह, युवक मंडळे, महिला मंडळे आणि धर्मशिक्षण वर्गाचे शिक्षक घरोघरी जातातच. आपल्या वस्तीतील पाच वर्षांखालील प्रत्येक बालक, मग ते कोणत्याही धर्माचे वा जातीचे असो, या महिन्यात अंगणवाडीत तोलले गेले काय, एवढी विचारपूस त्यांना करता येईल. हंगाम सुरू होताच कोपींवर जाऊन मुलांची यादी करावी आणि ती अंगणवाडी सेविका व मुख्याध्यापकांच्या हाती द्यावी. पाचवीच्या मुलाला दुसरीची गोष्ट वाचता येते काय, हे पाहून आठवड्यातून दोन संध्याकाळी त्याच्यासोबत बसावे. दहावीनंतर कोणती मुलगी महाविद्यालयात गेली नाही, याची चौकशी जून-जुलैमध्येच करावी, कारण लग्नसराईत ती करून उपयोग नसतो. बालविवाह ठरल्याचे कळल्यास बालविवाह प्रतिबंधक अधिकारी या नात्याने ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांना तो रोखण्याचा अधिकार आहे, हे ध्यानात ठेवावे.

हरवलेल्या मेंढराचा दृष्टान्त आपण सर्वांनी अनेकवार ऐकला आहे. त्यातील मेंढपाळाची माया आपल्या मनावर ठसते. परंतु एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. शंभरातील एक नाही, हे त्याला कळले, कारण त्याने कळप मोजला होता. नव्याण्णव सुखरूप आहेत या सरासरीवर तो समाधान मानून बसला नाही. माळशिरसच्या शिवारात, वाड्यावस्त्यांवर आणि उसाच्या फडात आज कोणते मूल मोजणीत आलेले नाही, हे पाहण्यास त्याच्याच नजरेची गरज आहे. गळिताचा पुढील हंगाम सुरू होईल, तेव्हा काट्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागेलच. त्याच आठवड्यात त्या गाड्यांसोबत आलेल्या मुलांचेही वजन घेतले जाईल, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.